नकाशावरचा नारिंगी ठिपका

सरकारी ऑफिसात फाईल एकदा वर गेली की परत येईलच असं नाही. किस्सा मात्र चहाच्या टपरीपर्यंत गेला तरी येताना आणखी दोघांना घेऊन येतो! आमच्याकडे असे इतके साठलेत की त्यांचं बाड आराखड्याच्या अहवालापेक्षा जाड होईल. परवा नानांच्या निरोप समारंभात त्यातले निम्मे सांगून झाले आणि साहेबांचं भाषण राहूनच गेलं. घरी आल्यावर म्हटलं, आता लिहूनच काढावेत.

आधी ओळख करून देते. मी आरेखक, म्हणजे नकाशे काढणारी आणि रंगवणारी. महाडची, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत वाढलेली. आमचे साहेब पुण्याचे. खिशात चार रंगांची चार पेनं आणि डोक्यात सगळे नियम कलमांसकट पाठ. आणि नाना म्हणजे आमचे मोजणीचे जुने गडी. पोलादपूरच्या बाजूचे, त्यामुळे गावात गेलं की साहेबांचं मराठी गावाला आणि गावाचं मराठी साहेबांना समजावून सांगायचं कामही त्यांच्याकडेच असायचं.

आम्हाला एका गावाचा आराखडा करायचा होता. पुढच्या वीस वर्षांत घरं कुठे होणार, शेती कुठे राहणार, दुकानं कुठे, मैदान कुठे, हे सगळं नकाशावर ठरवायचं. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या शिमग्याला मला तिथे तोंड दाखवता येणार नाही. कापडे गावाच्या पुढे, सावित्रीला मिळणाऱ्या एका नदीच्या काठी आहे, एवढं पुरे.

*

पहिल्याच दिवशी साहेबांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माझा नकाशा लावला. पिवळी घरं, हिरवी शेती, निळी नदी. सगळा गाव नाक लावून बघत होता. साहेबांनी तासभर समजावून सांगितलं आणि विचारलं, "काही शंका?"

मागून एक आजोबा उठले. "साहेब, ह्यो रंग पावसात टिकंल ना?"

साहेब हसले. नाना हसले नाहीत. त्या गावात पावसात काय टिकतं आणि काय नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

कारण गावाच्या वर, डोंगराच्या अगदी कुशीत, एकोणीस घरांची वरची वाडी आहे. काही वर्षांपूर्वीच्या पावसात वाडीच्या मागे डोंगराला भेग पडली. तज्ज्ञ आले, बघून गेले, आणि 'वाडी खाली हलवावी' असं लिहून गेले. कुठे हलवावी ते लिहायला विसरले! तेव्हापासून पावसाळ्याचे चार महिने ती एकोणीस घरं भांडीकुंडी घेऊन शाळेत राहायला येतात आणि दिवाळीच्या आधी परत वर जातात.

आमच्या आराखड्यात वाडीला जागा मिळाली तर घरं होणार होती. नाही मिळाली तर पुढची वीस वर्षं नकाशावर वाडी तिथेच राहणार होती, त्या भेगेखाली. रंगवणारी मी होते, म्हणून हे मला जास्त लागायचं.

*

आता नदीचा किस्सा. पुराचं पाणी कुठवर येतं ती रेघ नकाशावर दाखवावी लागते, आणि तिच्या आत बांधकामाला परवानगी नसते. कॉम्प्युटरने एक रेघ दिली होती, पण साहेब म्हणाले, "लोकांना विचारून खात्री करू."

नाक्यावरच्या दुकानदारांना विचारलं, "मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?"

त्यांनी हात डोक्याच्या वर नेला. टाचा उचलून आणखी वर नेला. "हितवर! वरच्या फळीवरचा साबण पण वाहून गेला!"

साहेबांनी टेप लावला. मी लिहून घेतलं. जाता जाता साहेब सहज बोलून गेले, "म्हणजे तुमचं दुकान रेघेच्या आत येतं. वरचा मजला चढवता येणार नाही आता."

दुकानदार पळतच आमच्या मागे आले. "साहेब, मघाशी चुकलं. ते पंचनाम्याला सांगायची सवय लागली हो! पाणी हितवर होतं." आणि हात गुडघ्याशी!

नानांनी टेप गुंडाळला. "चला साहेब, पूर ओसरला!"

*

गावात खुंट्या ठोकायचा कार्यक्रम तीन दिवस चालला होता. मोजणीला कुठून सुरुवात करायची त्याच्या त्या लोखंडी खुंट्या. नाना त्या इतक्या जपायचे की ठोकताना तिथल्या माणसाला दम भरायचे, "याला हात लावायचा नाय. सगळा गाव याच्यावर उभा हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर मुख्य खुंटीला म्हैस बांधलेली. शांतपणे रवंथ करत होती. रात्रभर ओढून ओढून तिने खुंटी वाकडी केली होती, आणि आमचा अख्खा गाव आठ इंच उगवतीकडे सरकला होता!

नाना म्हशीच्या मालकाच्या अंगावर धावून गेले. मालक काही घाबरला नाही.

"नाना, रागावू नका," तो म्हणाला, "सरकारनं पहिल्यांदाच कामाची वस्तू दारात आणून ठोकली!"

*

लोकसंख्येचं तर विचारूच नका. पहिल्याच घरात दोन म्हातारी माणसं. साहेबांनी विचारलं, "घरात किती जण?"

"अकरा."

"बाकीचे कुठे?"

"मुंबईला. पण गणपतीला येतात ना!"

घरोघरी हेच. एरवीचा गाव आणि गणपतीतला गाव, असे एकाच जागेत दोन गाव. साहेब म्हणाले, "आपण मधला आकडा धरू." तर गावकरी म्हणाले, "मधला कसा? मधे कोणच येत नाय!" मधला आकडा धरला असता तर गणपतीत माणसं झाडावर बसली असती आणि एरवी नळाचं पाणी प्यायला कुत्रं नसतं.

त्याच दिवशी वरच्या वाडीत गेलो. तिथल्या भिकीकाकी म्हणजे बोलायला फटकळ आणि चहाला हात सैल. मागच्या भिंतीत आरपार तडा, त्यात त्यांनी कापडाचे बोळे कोंबलेले. साहेब वहीत आकडे लिहीत होते. काकींनी विचारलं, "काय लिवताय?"

"वीस वर्षांनी गावात किती माणसं असतील, त्याचा अंदाज काढतोय."

काकींनी कप खाली ठेवला. "वीस वर्सांचं ऱ्हाऊ द्या. आमच्या वाडीचं फक्त येत्या पावसानंतरचं सांगा."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

*

वाडीसाठी जागा आम्ही आठवडाभर शोधली. नदीकडे जावं तर पूर, डोंगराकडे जावं तर भेग. मधली सगळी भातशेती, तिला धक्का लावायला कुणीच तयार नाही, आणि लावूही नये. उरला एकच माळ. शाळेच्या शेजारी, सपाट, रस्त्याला लागून. पावसाळ्यात थोडी नाचणी, एरवी नुसतं गवत. माळ भाऊंचा होता.

भाऊ म्हणजे गावातलं मोठं घर. देवाच्या पालखीला पुढून खांदा देण्याचा मान त्यांचा. मिश्या मोठ्या, आवाज त्याहून मोठा. आणि भाऊंच्या दारात एक बुटका माड. त्याला नारिंगी रंगाचे नारळ लागतात. तसा माड अख्ख्या पंचक्रोशीत दुसरा नाही. भाऊंच्या वडिलांनी कुठून तरी लांबून रोप आणलेलं. त्याचा एक नारळ भाऊंनी कधी कुणाला दिला नाही. विकला नाही, वाहिला नाही, पाहुण्यांना फोडला नाही. आम्हाला साध्या माडाची शहाळी दिली आणि नारिंगी माड लांबून दाखवला!

भिकीकाकी त्यांच्या तोंडावर म्हणायच्या, "भावजींचा माड म्हंजे नवरीचं दागिनं. बघायचं, हात लावायचा नाय."

तर भाऊंनी नकाशा बघितला आणि गरजले, "माझा माड कुठाय?"

साहेबांनी समजावलं की गावाच्या नकाशावर एकेक झाड दाखवता येत नाही.

"मग वड कसा दावलाय?"

"तो चौकातला आहे. सार्वजनिक आहे."

"माझा माड पण सगळा गाव बघतो!"

शेवटी मी बारीक ब्रश घेतला आणि भाऊंच्या घरापुढे टाचणीच्या डोक्याएवढा नारिंगी ठिपका दिला. त्यानंतर भाऊ जेव्हा जेव्हा आले तेव्हा खिशातून भिंग काढून आधी ठिपका बघायचे, मग बोलायला सुरुवात करायचे.

माळाची गोष्ट काढली की मात्र भिंग खिशात आणि भाऊ दाराबाहेर.

*

त्याचं कारण आम्हाला नंतर कळलं. ते मुंबईहून कारने आलं. भाऊंचा मुलगा. डोळ्यांवर गॉगल, हातात दोन मोबाईल.

"सर, माळावर कमर्शियल टाका. इथे रिसॉर्टला फुल स्कोप आहे. बाल्कनीतून डायरेक्ट वॉटरफॉल व्ह्यू!"

साहेबांनी विचारलं, "वॉटरफॉल कुठे आहे?"

त्याने वरच्या वाडीकडे बोट दाखवलं. पावसाळ्यात वाडीच्या मागून जो लोट येतो, तो!

नाना शांतपणे म्हणाले, "भारी व्ह्यू हाय. वाडीवाले पावसाळ्यात शाळेत झोपून तोच बघतात."

मुलाला काही ते लागलं नाही. भाऊ मात्र चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. म्हातारपणी एकुलत्या एका मुलाला नाही कसं म्हणायचं, आणि रोज संध्याकाळी देवळापाशी वाडीच्या माणसांना तोंड कसं दाखवायचं, या दोन्हींच्या मध्ये तो एवढा मोठ्या आवाजाचा माणूस अडकला होता. मला त्यांचा राग यायचा, आणि त्या दिवसापासून यायचा बंद झाला.

*

मग हरकतींचा दिवस. आराखडा जाहीर केला की लोकांनी लेखी हरकती द्यायच्या असतात. एक्केचाळीस आल्या. सगळ्या एकाच सुंदर, वळणदार अक्षरात! गावात अर्ज लिहायचं काम निवृत्त गुरुजींकडे. माणूस सांगणार, गुरुजी लिहिणार. साहेबांनी पहिली हरकत मोठ्याने वाचायला घेतली. मुद्देसूद, तारीखवार, आणि शेवटी, "आपला आज्ञाधारक विद्यार्थी."

दुसरीखालीही तेच. एक्केचाळीसही जण साहेबांचे आज्ञाधारक विद्यार्थी! त्यात ऐंशी वर्षांच्या एक आजी होत्या.

गुरुजी म्हणाले, "चाळीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं हो. हात आपोआप तिथेच जातो."

पण आतला मजकूर हसण्यासारखा नव्हता. वाडीला खाली आणावं, असं प्रत्येकाने लिहिलं होतं. फक्त माझ्या जमिनीत नको, असंही प्रत्येकाने लिहिलं होतं. भाऊंच्या हरकतीत तर माळाबद्दल पान भरून लिहिलेलं. सही करताना त्यांचा हात थांबला होता बहुतेक, कारण शाईचा मोठा डाग होता.

साहेबांना भाऊंच्या हरकतीला न जुमानता माळावर वाडीच्या घरांसाठी आरक्षण टाकता आलं असतं. पण मग मुलगा कोर्टात जाणार, आणि निकाल लागेपर्यंत वाडी शाळेत. साहेब म्हणाले, "मला शिक्का नको, भाऊंचा होकार हवा."

सगळ्यांत शेवटी भिकीकाकींना विचारलं, "तुमची काही हरकत?"

"माझी कसली हरकत गो बाय," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डोंगराची असंल तर त्याला इचारा. तो पावसाच्या आधी काय बोलत नाय."

भाऊ उठून बाहेर गेले. भिंग टेबलावरच विसरले.

*

आणि आता शिमगा.

त्या गावात शिमग्याला खूण काढायची पद्धत आहे. मानकरी सकाळीच कुठेतरी गुपचूप असोला नारळ, म्हणजे सालासकट नारळ, जमिनीत पुरतात. मग दुपारी ढोल वाजवत पालखी निघते. ज्यांच्या खांद्यावर पालखी, त्यांना नारळ कुठे पुरलाय ते माहीत नसतं. पालखी नाचत नाचत फिरते आणि एका जागी दांडा खाली झुकतो. तिथे उकरायचं. नारळ निघाला की देवाने खूण काढली!

त्या वर्षी गुरुजी म्हणाले, "पुरायचा मान पाहुण्यांना देऊ." आणि नानांना घेऊन गेले. नाना परत आले ते छाती फुगवूनच. माझ्या कानात म्हणाले, "देवळामागच्या आंब्याखाली पुरलाय. चांगला हिरवागार नारळ. कुणाला बोलू नको."

मी कुणाला बोलले नाही. साहेबांना सांगितलं फक्त.

दुपारी पालखी उठली. पुढच्या दांड्याला भाऊ. डोळे मिटलेले, कपाळावर गुलाल, धोतराला गुडघ्यापर्यंत माती. ढोल असा वाजत होता की साहेबसुद्धा खिशातल्या पेनांवर बोटांनी ताल धरून होते. भाऊंचा मुलगा पुढे उलटा चालत मोबाईलवर शूटिंग करत होता.

पालखी देवळाला वळसा घालून आंब्याकडे गेली. नानांनी माझा हात घट्ट धरला. पालखी आंब्याखाली आली, आणि न थांबता पुढे गेली!

"चुकली!" नाना कुजबुजले. "बाय, देव चुकला!"

पालखी ओढा ओलांडून गेली. शाळेवरून गेली. सगळा गाव मागे, एरवीचा आणि मुंबईचा दोन्ही. भाऊ सरळ आपल्या माळावर शिरले. मधोमध आले, तीन वेळा गरकन फिरले, आणि दांडा खाली झुकला.

ढोल थांबले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तिथे खूण असायचं कारणच नव्हतं. वाडीतली दोन माणसं पुढे झाली आणि हातांनी माती उकरायला लागली. माती भुसभुशीत होती. कोपरभर खाली गेल्यावर एकाचा हात थांबला.

नारळ निघाला. नारिंगी.

नानांनी मोठ्ठा आ केला. "अहो, पण मी तर..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, तोच गुरुजींनी गुळाचा भलामोठा खडा त्यांच्या तोंडात कोंबला. "तोंड गोड करा नाना, तोंड गोड करा!"

मुलाने मोबाईल खाली घेतला. "पपा, हे काय? आपला माळ..."

"माझ्याशी नको बोलू," भाऊ म्हणाले. "द्येवानं वाडीची जागा काढली. द्येवाशी बोल."

आणि मग तो मोठ्या आवाजाचा माणूस साहेबांकडे वळून हळूच म्हणाला, "माझी हरकत फाडा, साहेब."

साहेबांनी मान हलवली. त्यांच्या चष्म्यावर गुलाल बसला होता, तो ते बराच वेळ पुसत होते.

भिकीकाकी गर्दीतून पुढे आल्या. तो नारळ त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, पदराने त्यावरची माती पुसली, उलटासुलटा करून पाहिला. मग भाऊंसमोर उभ्या राहिल्या. डोळे भरलेले, पण जीभ जागेवर.

"भावजी, द्येवाच्या दारात पण असलाच माड हाय म्हनायचा!"

"आसंल," भाऊ म्हणाले, आणि पालखीला खांदा देऊन वरच्या वाडीच्या वाटेला लागले.